आठ पावलांचा सूर

लग्नाच्या मिरवणुकीपुढे बँड किती वेगाने वाजवायचा, हे आमच्या घरात एका खिळ्यावर ठरायचं. लोक खिळ्याला कॅलेंडर टांगतात, छत्री टांगतात. आमच्याकडे लय टांगलेली होती.

मधल्या दाराच्या चौकटीत वर तो खिळा. त्याला सुती दोरी, दोरीच्या टोकाला पितळेचा जाड नट. दोरीला दोन ठिकाणी गाठ मारून फास केलेले. खालचा फास खिळ्यात अडकवला की दोरी आखूड व्हायची आणि नट जरा लवकर हेलकावे घ्यायचा. तो वेग लग्नाचा. वरचा फास अडकवला की दोरी लांब, हेलकावा संथ. तो वेग प्रेतयात्रेचा. एक हेलकावा, एक पाऊल. दोन फासांमध्ये अंतर बरोबर चार बोटं. बाबा म्हणायचे, "माणूस मांडवात चाललाय की मसणात, फरक चार बोटांचा. त्याहून जास्त फरक करतो तो वाजवत नाही, पळतो."

बाबांना सगळे मास्तर म्हणत. ट्रम्पेट त्यांचं, बँड त्यांचा, सात जणांचा. मी त्यांचा मोठा मुलगा, मोठा ढोल माझ्या गळ्यात. दर मंगळवारी संध्याकाळी सगळे आमच्याकडे जमायचे. वाद्याला हात लावण्याआधी प्रत्येकाने त्या दोरीसमोर उभं राहून जागच्या जागी पन्नास पावलं टाकायची, असा नियम. पन्नाशीची माणसं शाळेतल्या पोरांसारखी पाय आपटत उभी. लय कानात नाही, पोटरीत मुरली पाहिजे, असं बाबांचं म्हणणं. कानाला फसवता येतं, पोटरीला येत नाही म्हणायचे. तिथे ते चुकले. पोटरीलाही फसवता येतं. सावकाश फसवावं लागतं, एवढंच.

आमच्या जुन्या मिरवणुकीच्या धुनेत एक लांब सूर आहे. ट्रम्पेटचा. आठ पावलं तो एका दमात धरायचा, आणि नवव्या पावलावर खाली उतरायचं. वेगात वाजवणाऱ्याला तो सोपा. आठ पावलं चार सेकंदांत उरकतात, कुणीही फुंकेल. दोरीच्या वेगाने वाजवायचा तर छाती लागते. म्हणून तर आजकालचे बँड पळतात. लोकांना वाटतं, जमाना बदलला, पोरांना नाचायला जोरकस हवं. काही जमाना बिमाना नाही. फुंकणाऱ्यांना दम नाही, आणि ते सांगायची लाज वाटते.

आता छातीचं सांगतो. बाबांनी सव्वीस वर्षं सूत गिरणीत काढली, पिंजणखात्यात. तिथे कापसाची धूळ एवढी, की दुपारी समोरच्या माणसाच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. दिवसा ती धूळ आत घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी ट्रम्पेटमधून बाहेर फुंकायची, असा त्यांचा हिशेब होता. खोकला सुरू झाला तेव्हा गिरणीच्या डॉक्टरने तपासलं आणि कागदावर लिहिलं की छातीचा विकार सतत फुंकवाद्य वाजवल्यामुळे झाला आहे. सही, शिक्का. सव्वीस वर्षांची धूळ निर्दोष सुटली, आणि वर्षातून चाळीस लग्नं वाजवणारं पितळ गुन्हेगार ठरलं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. त्या डॉक्टरला मी माणूस म्हणत नाही.

बाबा मात्र त्या कागदावर हसले. म्हणाले, "चला, निदान त्यांनी मान्य केलं की मी सतत वाजवतो."

त्यानंतर घरात छातीचा विषय काढायला बंदी. दम लागला की ते मोरीत जायचे, नळ पूर्ण सोडायचे आणि खोकायचे. नळाचा आवाज कशासाठी आहे हे आम्हाला कळतं, हे त्यांनाही कळत होतं. पण घराघरात असल्या गोष्टी असतातच, सगळ्यांना ठाऊक आणि कुणी न बोललेल्या.

माझी बहीण, धाकटी. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची. त्याच्या आधीच तिच्या कंबरेच्या हाडात पू झाला होता आणि डावा पाय तीन बोटं आखूड राहिला. डाव्या बुटाचा तळ जाड करून घेतला तरी चालताना अंग एका बाजूला पडायचं. गल्लीतली पोरं तिला होडी म्हणायची, डुलते म्हणून. नऊ वर्षांची असताना बाबांनी तिला त्या दोरीसमोर उभं केलं. लग्नाचा फास अडकवला आणि म्हणाले, आखूड पाय हवेत असेल तेव्हा घाई करायची नाही, त्याला खाली यायला पुरता वेळ द्यायचा, टाच टेकली की मगच वजन सोडायचं. मधल्या दारापासून मोरीपर्यंत अकरा पावलं, वळायचं, परत अकरा. सहा महिने. सहा महिन्यांनी पोरगी त्या लयीवर सरळ चालली. इतकी सरळ, की डोक्यावर पाण्याचा तांब्या ठेवला असता तरी हिंदकळला नसता.

अर्थात रस्त्यावर कोण दोरी टांगून चालतं. कामावर जाता-येता ती डुलायचीच. एका छापखान्यात बाइंडिंगला होती, बसून पुस्तकं शिवायची. तिथल्याच मशीनवाल्याने तिला मागणी घातली. चांगला माणूस. बोलतो कमी, ऐकू कमी येतं म्हणून. मशीनशेजारी आयुष्य गेलं. तिचा पाय त्याने रोज पाहिलेला, त्याला त्याचं काही नव्हतं. त्याच्या आईलाही नव्हतं, पण तिने ठरवायच्या बैठकीत मायेनेच सांगितलं, "घरापासून हॉलपर्यंत गाडी करू या. चारशे पावलं असली तरी रस्ता हमरस्ता. उगाच लोकांच्या डोळ्यांना चारा कशाला?"

धाकटी चहा देत होती. कप खाली ठेवून म्हणाली, "मी चालत येणार. बाबा पुढे वाजवतील आणि मी सरळ चालत येणार. तुम्ही हॉलच्या दारात उभ्या राहा आणि बघा."

असं म्हटल्यावर कुणाची काय बिशाद. बाबांचा चेहरा त्या दिवशी काय फुलला होता. आत्या म्हणाली, नवरी लाजते म्हणे, आमची तर पैज लावते.

लग्नाला तीन महिने होते. धाकटीने दुसऱ्याच दिवसापासून कामावरून आल्यावर सराव धरला. लग्नाचा फास खिळ्यात अडकवायचा, नट सोडायचा, अकरा पावलं, वळायचं, अकरा. पंधरा दिवसांनी मी ढोलाचं कातडं ताणत बसलो होतो. ती मोरीपाशी थांबली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली.

"दादा, माझा पाय गेला."

मी विचारलं, दुखतोय का. दुखत नव्हता. पण टाच टेकायच्या आतच नट पलीकडे गेलेला असतो, म्हणाली. पूर्वी वेळ पुरायचा, आता पुरत नाही. हाडच झिजलं असणार, दुसरं काय. तिने माझ्यासमोर चालून दाखवलं. दर दुसऱ्या पावलाला खांदा खाली. होडी.

मी तिला म्हटलं, वय झालं, सवय गेली, होईल. ती रोज करत राहिली. रोज तासभर. बाबा खाटेवर बसून बघायचे. एकदा फक्त म्हणाले, पुरे आता, दमशील. तेव्हा मला त्यांची माया वाटली. ती माया नव्हती, किंवा नुसती माया नव्हती.

आमच्या बँडमध्ये छोटा ड्रम वाजवणाऱ्याला सगळे घाई म्हणतात. लग्नात जेवायला पहिल्या पंक्तीत, घरी जायला पहिल्या रिक्षात. गेली दोन वर्षं बाबा त्याला दर मंगळवारी झापायचे की तू लय पळवतोस, तुझ्यामुळे बँड पुढे सरकतो. त्या मंगळवारी झापून झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन विडी पेटवत म्हणाला, "मी घाई करतो ते जगजाहीर आहे. पण अरे, तुमची दोरी कधीपासून घाई करायला लागली? परवा एका मयताला वाजवलं ना आपण? त्या लयीवरून या लयीवर आलो तर माझे गुडघे ओरडले. चार बोटांत गुडघे ओरडत नाहीत."

मी हसण्यावारी नेलं. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करायला न्हाव्याकडे गेले. मी स्टुलावर चढून दोरी काढली आणि दोन फासांमधलं अंतर बोटांनी मोजलं. अकरा.

परत मोजलं. अकराच. प्रेतयात्रेचा फास जुन्या जागीच होता. त्याची गाठ दगडासारखी, तेलकट, वर्षानुवर्षं कुणी न सोडलेली. प्रेतयात्रेला आम्ही नुसते ढोल वाजवतो, ट्रम्पेट नसतं. लग्नाचा फास मात्र सरकत सरकत नटाकडे आला होता. दोरी सगळी मळून पिवळी पडलेली, आणि जिथे जिथे जुन्या गाठी होत्या तिथे पांढरी; अंगठी काढल्यावर बोटावर वळ राहतो तशी. असे सात वळ मी मोजले. म्हणजे आठव्या पावलापर्यंत दम पुरेना झाला, की माणसाने घरी यायचं, स्टुलावर चढायचं, गाठ सोडायची, बोटभर खाली बांधायची. काही महिन्यांनी परत. आणि आम्ही सहा जण दर मंगळवारी त्या दोरीसमोर पाय आपटत उभे. दोन वर्षांत सात बोटं. मी मोठा लयीचा पंडित, मला पत्ता नाही.

आणि पोरगी स्वतःचं हाड झिजलं समजून रडत होती. आणि ते खाटेवरून बघत होते.

मला बापाचा संताप आला. तो खरा संताप होता, त्याला मी आता साखर लावणार नाही. सरळ जाऊन विचारायला हवं होतं. एकदा निघालो तर ते जुन्या बनियनने ट्रम्पेट पुसत बसले होते, चाव्यांच्या फटीतली घाण काडीने काढत होते, गुणगुणत. दुसऱ्यांदा निघालो तर मोरीत नळ सोडलेला होता. मी दाराशी उभा राहिलो. नळ किती वेळ चालू होता ते सांगत नाही. तिथूनच परत फिरलो. मी मनाशी म्हटलं, याला सांगणं म्हणजे याला मारणं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात धाकटी म्हणाली, दादा, गाडी सांगून टाक. बाबांना सांगू नकोस, मी सांगेन पाय मुरगळला म्हणून. ती हे शिवणाची सुई कुठे ठेवलीये ते सांगावं इतक्या सपाट आवाजात म्हणाली.

मी म्हटलं, गाडी नको. तुझ्या पायाला काही झालेलं नाही. ती म्हणाली, तुला काय माहीत. मी म्हटलं, "त्या दिवशी दोरी विसर. ट्रम्पेट ऐकू नको. फक्त माझा ढोल ऐक. मी तुला वेळ देतो."

तिने मान डोलावली. कारण विचारलं नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता, आणि मी त्या विश्वासाच्या आड लपलो. मला वाटत होतं मी दोघांना वाचवतोय. शिवाय मला खरी लय वाजवायची हौसही होती. दोन वर्षं खोटी वाजवली हे माझ्या जिव्हारी लागलं होतं. हेही लिहून ठेवतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी ऊन चांगलंच होतं. घरापुढे माणसं जमली. बाबांनी कोट घातला होता, बटणं चकचकीत. ते सगळ्यात पुढे, त्यांच्यामागे मी आणि घाई, आमच्यामागे बाकीचे, आणि सात-आठ पावलं सोडून धाकटी, आत्याचा हात न धरता. बाबांनी मागे वळून मला खूण केली. पहिले चार ठोके माझे असतात. ते लय ठरवतात.

मी जुन्या दोरीचे चार ठोके दिले. घाईने चमकून माझ्याकडे पाहिलं, मग त्याला कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस मागे थांबला.

बाबांना लगेच कळलं. त्यांच्या कोटाच्या पाठीवरून मला दिसलं. खांदे वर आले. पण चार ठोके पडले होते, माणसं चालू लागली होती. त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावलं.

पहिला लांब सूर सहाव्या पावलाला तुटला. औषधाच्या दुकानासमोर. लोकांना वाटलं, सुरुवात आहे. दुसरा पाचव्याला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे ओले होते आणि मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. ओरडण्याइतका दम नव्हता, म्हणून डोळ्यांनी सांगत होते: वाढव. मी खाली, माझ्या ढोलाकडे पाहिलं. माझ्यामागे तिचा पाय पडत होता. मला वळून बघायची गरज नव्हती, टाच वेळेवर टेकत होती. दोन्ही पावलांचा आवाज सारखा येत होता.

मी वाढवली नाही.

टायरच्या दुकानापाशी त्यांनी ठोक्यागणिक श्वास घ्यायला सुरुवात केली. सुराचे तुकडे पडू लागले. शाळेच्या लांब भिंतीशी आलो तेव्हा ट्रम्पेट गप्प झालं. पण ते ओठांवरच होतं. बोटं चाव्यांवर बरोबर पडत होती, गाल फुगत होते, पावलं लयीत होती. आवाज नव्हता. घाई माझ्या कानाशी म्हणाला, "थांबव रे, मरेल तो." मी म्हटलं, शंभर पावलं राहिली. हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

हॉलच्या दारात तिची सासू उभी होती. नुसत्या ढोलावर, कुणाचा हात न धरता, धाकटी तिच्यापर्यंत सरळ चालत गेली. म्हाताऱ्या बाईने दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि रडायला लागली. लोक म्हणाले, अशी मिरवणूक बघितली नाही, काय संथ, काय शोभा. एकाने मला येऊन विचारलं, शेवटी ट्रम्पेट बंद ठेवायची नवीन पद्धत का? फार उठून दिसतं म्हणाला.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. ओठ निळे.

लग्न लागलं. ते खुर्चीवर बसून होते, हसत होते, येणाऱ्याला हात जोडत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. तोंडावर ऑक्सिजनची नळी. तिसऱ्या दिवशी त्यांनी नळी बाजूला करून मला विचारलं, "दोरी कधी मोजलीस?"

"दोन महिने झाले."

"मग सांगायचं ना. मी उभाच राहिलो नसतो. तू आणि त्या घाईने नुसते ढोल वाजवले असते तरी तिला चालता आलं असतं." मग बराच वेळ श्वास गोळा करून म्हणाले, "लय बरोबर होती." आणि भिंतीकडे तोंड केलं.

ते खरंच बाजूला उभे राहिले असते का? मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं असतं तर माहीत झालं असतं.

त्या संध्याकाळी धाकटी सासरहून आली. घाईने तिला सगळं सांगितलं होतं. त्याला तेवढी घाई असतेच. दवाखान्याच्या जिन्यात तिने मला गाठलं. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"म्हणजे दोन महिने तू मला माझा पाय गेला असं वाटू दिलंस."

मी म्हटलं, बाबांची अब्रू होती.

"आणि मग माझ्यासाठी त्यांचा दम काढलास. दादा, मी लंगडले असते. काय झालं असतं? रोज लंगडते. नवऱ्याला माहीत, सासूला माहीत, गल्लीला माहीत. चारशे पावलं लंगडत गेले असते आणि बाप वाजवत पुढे असता. मला विचारायचं होतंस. तुम्ही दोघांनी दोरी खालीवर केलीत, मला कुणी विचारलं नाही."

ती मला ओलांडून वर बाबांकडे गेली.

बाबा पाच आठवडे जगले. मृत्यूच्या कागदावरही डॉक्टरने तेच उतरवून काढलं, फुंकवाद्य. जुना कागद पाहूनच लिहिलं असणार, तपासायचे कष्ट कोण घेतो.

प्रेतयात्रेच्या आधी मी स्टुलावर चढलो. वरचा फास खिळ्यात अडकवला, नट सोडला. सगळे सहा जण दोरीसमोर उभे राहिले आणि पन्नास पावलं टाकली. मग आम्ही निघालो, नुसते ढोल. ती लय एवढी संथ की धाकटी डोळे मिटूनही सरळ चालली असती.

पण माझ्यामागून आवाज येत होता एक हलका, एक जड. एक हलका, एक जड. मी वळून पाहिलं. तिने जाड तळाचा बूट घरी ठेवला होता. अनवाणी चालत होती, दर दुसऱ्या पावलाला सगळं अंग खाली पडत होतं, आणि माणसं दोन्ही बाजूंनी बघत होती. मी हात सैल सोडला, ठोका आणखी थोडा लांबवला.

तिने माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

मी परत दोरीच्या लयीवर आलो.